संजयच्या अंगात आलं ती दुपार

गोदामात सोयाबीनच्या पोत्यांचा उबट वास आला की ती दुपार आजही छातीत धडकते.

माझा संजय पुण्याहून तीन दोस्त अन् गिटारी घेऊन येरमाळ्याला आला होता. पुण्यात ही पोरं त्यांचं धांगडधिंग्याचं गाणं भाड्याच्या तळघरात चोरून वाजवायची. घरमालकानं तिथनंबी हाकललं, म्हणून आमच्या गोदामात सराव. "मेटल म्हणतात ह्याला, आबा," एवढंच बोलला.

दार उघडून बघतो तर काय! पोरगं केस मोकळे सोडून मुंडकं गरागरा फिरवतंय, रेड्यावानी डुरकतंय. अंगात आलं म्हणून म्या धावत जाऊन खिशातल्या पुडीतलं कुंकू त्याच्या कपाळाला फासलं अन् हात जोडले. "कोण हायस, आई? काय पायजे तुला?"

दोस्त खिदळले. संजय हसला न्हाय.

"देवी न्हाय, आबा. मीच हाय."

आज ईट गावापासून तुळजापुरापर्यंतची पोरं तसलं गाणं शिकायला त्याच्याकडं येतात. म्या बी चारचौघांत मिशीला पीळ देतो. पण देवी असती तर ओटी भरून शांत केली असती. माझ्याच पोराच्या पोटात एवढा राग कुणावर होता, ते म्या अजून विचारलेलं न्हाय.