गोलाच्या मधोमध

आमच्या शाळेच्या गॅदरिंगचं स्टेज म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या. त्या एकमेकींना चिकटवून उभ्या करायच्या, वर फळ्या, फळ्यांवर सतरंजी आणि मागे मांडववाल्याचा मखमली पडदा. कळंबच्या पुढे, हमरस्त्यापासून जरा आत आमचं गाव. कांद्याची लागण उरकली की गॅदरिंग व्हायचं आणि सगळं गाव लोटायचं. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, पुढे खुर्च्यांवर पाहुणे. शेवटचा डान्स ठरलेला, देवीचा. हिरव्या साड्या नेसलेल्या मुली गोल करून नाचायच्या आणि मधोमध टेबलावर देवी उभी असायची. पाचवीपासून ती देवी मी.

ऐकणाऱ्याला वाटेल, केवढा मान. मान कसला डोंबलाचा. दोन वर्षांची असताना मला ताप आला आणि तो उतरला तेव्हा डावा पाय लुळा पडला होता. नाचणाऱ्यांत मला घेता येत नव्हतं आणि अगदीच वगळलं तर बरं दिसलं नसतं, म्हणून डान्स बसवणाऱ्या बाईंनी मला टेबलावर चढवलं. नऊवारीत पाय झाकला जायचा. हातात चंदेरी कागद लावलेला त्रिशूळ, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. हलायचं नाही, एवढंच माझं काम.

बाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांना बघणाऱ्याचा डोळा पक्का ठाऊक होता. आमच्या गावातल्या माणसाला नाचातलं काडीचं कळत नाही, तरी एकीचा हात उशिरा वर गेला की सगळं गाव त्याच हाताकडे बघतं, असं त्या म्हणायच्या. ते खरंच होतं. साऱ्या बांगड्या एकदम वाजल्या, गोल फुटून त्याच्या दोन रांगा झाल्या आणि रांगा एकमेकींतून आरपार गेल्या, की पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या यायच्या आणि बायका तोंडाला पदर लावायच्या. पोरी तशा एरवी काय दिसायच्या? शेंबड्या, उन्हाने रापलेल्या, तेल थापलेल्या वेण्यांच्या. पण सगळ्यांची मान एका वेळी वळली की त्या कुणी वेगळ्याच व्हायच्या. ते मला कळायचं ते लोकांच्या तोंडावरून. मी उभी होते तिथून फक्त पाठी दिसायच्या, घामाने भिजलेले ब्लाउज आणि सेफ्टी पिना. दुरून डोंगर साजरे म्हणतात, मला तर डोंगरातच पुरून ठेवलं होतं.

तालमीला मात्र मी रोज असायची. भिंतीशी बसून बघायची आणि मला सगळ्यांच्या स्टेप पाठ होत्या. एखादी चुकली की बाई माझ्याकडे बघायच्या, मी सांगायची. घरी आल्यावर गोठ्यात, आधी गव्हाणीला पाठ टेकवून आणि पुढे टेकू न घेता, मी पूर्ण डान्स करायची. चालताना मी डावा हात मांडीवर दाबून चालते. नाचाला दोन्ही हात लागतात, म्हणून गुडघा कसा ताठ ठेवायचा, अंग कुठल्या बाजूला टाकायचं, हे माझं मी शोधून काढलं होतं. एकदा आई शेणाची पाटी घेऊन आत आली आणि दारातच थांबली. मी नाचत राहिले. ती पाटी घेऊन तशीच माघारी गेली.

आईला माझं देवी होणं फार प्रिय होतं. त्याला कारण होतं. आमच्याकडे देवी सजली की ती देवीच, मग ती कुणाची का पोरगी असेना. डान्स चालू असतानाच बायका स्टेजवर चढायच्या, मला हळदकुंकू लावायच्या, टेबलापुढे नारळ ठेवायच्या. बाईंनी त्यांच्यासाठी गोलात पुढच्या बाजूला वाटच सोडली होती. एरवी ज्या बायका आईला तोंडावर विचारायच्या, "हिला पदरात घेनार कोन?", त्याच त्या दिवशी माझ्यापुढे वाकायच्या. आई ते बघायला पहिल्या ओळीत बसायची. मला मात्र वर्षागणिक तो मुकुट डोक्यात जायला लागला होता.

दहावीच्या वर्षी मी बाईंच्या मागे लागले. दहावीनंतर मला कुठलं स्टेज? आमच्याकडे मुलगी नाचते ती शाळेत, नंतर स्वतःच्या हळदीला, आणि माझी हळद कुणी धरून चालत नव्हतं. एकदा, फक्त एकदा मला गोलात उभं राहायचं होतं, लोकांनी मला नाचताना बघायला हवं होतं. मला मागच्या बाजूला उभी करा म्हणाले, कोपऱ्यात करा म्हणाले. मी बाईंच्या घरी जाऊन रडले.

"अगं, तू नाचशील," बाई म्हणाल्या, "पण बघणाऱ्याला नाच दिसणार नाही. त्याला तुझा पायच दिसेल. मग तुला आवडेल का?"

मी म्हणाले, दिसू दे. बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि माझ्या हातात खाऊ ठेवला. एवढी मोठी मुलगी मी, खाऊ हातात घेऊन घरी आले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लोकं पाया पडत्यात तुझ्या. आनखी काय पायजे तुला?"

गॅदरिंगच्या दिवशी एक मुलगी आलीच नाही. मामाच्या लग्नासाठी ती बोरी बुद्रुकला गेली ती तिकडेच राहिली. आता बदल करायला वेळ नव्हता. बाईंनी सांगितलं, तिची जागा मोकळी ठेवा, लोकांना कळायचं नाही. मी टेबलावर चढले. कॅसेट लागली, संबळ सुरू झाला, मुली फिरायला लागल्या आणि दर फेऱ्याला ती मोकळी जागा माझ्यासमोरून जायला लागली. प्रत्येक वेळी मला वाटायचं, ही गेली, आता गेली.

संबळ चढला तेव्हा मी त्रिशूळ टेबलावर ठेवला, खाली उतरले आणि त्या जागेत शिरले.

मी नाचले. आणि सांगते, माझं काहीही चुकलं नाही. टाळी टाळीला होती, गिरकी गिरकीला. पाय ओढला जात होता, अंग एका बाजूला झुकत होतं, मुकुट सुटून पडला आणि केस तोंडावर आले, पण ताल मी सोडला नाही. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही क्वचितच झाला. मग माझ्या लक्षात आलं की शेजारच्या मुली थांबल्यात. त्या मागे सरकत होत्या. गोल मोठा होत गेला आणि मी पुन्हा एकटी मधोमध.

लोक चिडीचूप झाले होते. कुणी हसलं असतं तरी चाललं असतं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला, "आंगात आलं. देवी आली गं पोरीच्या आंगात."

मग काय विचारता. खुर्च्यांवरच्या पाहुण्यांनी चपला काढल्या. कुणीतरी ट्रॉलीच्या लोखंडावर नारळ फोडला. एक म्हातारी खाली बसल्या बसल्याच घुमायला लागली. कॅसेट बंद करा म्हणून बाई हात हलवत होत्या, पण साउंडवाल्याने आवाज आणखी वाढवला. मी ओरडून सांगत होते, "मी हाय, मी. मी नाचतेय." माझं बोलणं ऐकून पुढची माणसं हात जोडून आणखीच वाकली. एकाने विचारलं, "आई, काय चुकलं आमचं?"

त्या गर्दीतून आई वर चढताना दिसली आणि माझ्या जिवात जीव आला. तिने मला गोठ्यात बघितलं होतं. हिला माहीत आहे, ही सांगेल सगळ्यांना, असं मला वाटलं. ती जवळ आली, मी तिच्याकडे हात पसरले. तिने डोक्यावरून पदर घेतला, खाली बसली आणि माझ्या डाव्या पायावर कपाळ टेकवलं.

"आई," ती मला म्हणाली, "माझ्या लेकीचा पाय बरा कर. येवढं मागनं हाय. दुसरं काय मागत न्हाई."

पायावर तिचे गरम अश्रू पडत होते. मी खाली वाकून तिला उठवायला गेले, पण ती उठेना. उत्तर घेतल्याशिवाय ती हलणार नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "करीन."