बारा पॉइंट सहा व्होल्ट

माझी शेवटची पोस्टिंग पुराच्या बोटींवर होती. इंजिनियर रेजिमेंट, फ्लड रिलीफ कॉलम, दोन बोटी. मी हवालदार, इंजिनांचा इन्चार्ज. बोटीच्या मागे टांगतात त्या इंजिनाला फौजेत ओबीएम म्हणतात. आमची दोन्ही जुनी, पण बटण-स्टार्ट. आमच्या इंदूरच्या स्नेहलतागंजात लोकांना वाटतं, फौजी म्हणजे बंदूक. मी तर बावीस वर्षं बहुतेक पानाच धरला.

माझा एक नियम होता आणि त्याचा मला भारी माज होता. संध्याकाळी सहाला दोन्ही बॅटऱ्या काढून जनरेटरच्या चार्जरवर लावायच्या. सकाळी साडेपाचला मीटर लावायचा. बारा पॉइंट सहा. रजिस्टरमध्ये आकडा, खाली सही. बटण दाबलं की इंजिन एका दमात चालू. इन्स्पेक्शनला सीओ साहेब बोलले, "हवालदार, तुम्हारी बोट कभी धोखा नहीं देती." पुढचा आठवडा मी कॉलर ताठ करून फिरलो.

लान्स नायक मुरुगन दोन नंबरच्या बोटीचा ऑपरेटर. मदुराईकडचा, हिंदी मोडकंतोडकं, हात मात्र सोन्यासारखे. एके दिवशी मीटर घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"उस्ताद, इंजन चालू में देखा. बारा पॉइंट तीन. चौदा आना मांगता. बैटरी चार्ज नहीं होता."

बरोबर बोलत होता. इंजिन फिरू लागलं की त्यानेच बॅटरी भरायची असते, आकडा चौदाच्या आसपास चढायला हवा. चढत नसेल तर आधी टर्मिनल घासा, फ्यूज बघा, मग बॅटरीकडे करंट पोचवणारा रेक्टिफायर, मग आतली कॉइल. अर्ध्या दिवसाचं काम. पण तेवढा वेळ बोट "ऑफ रोड", म्हणजे नादुरुस्त, दाखवावी लागली असती, आणि माझ्या रजिस्टरमध्ये तोपर्यंत एकही लाल शेरा नव्हता.

"सुबह स्टार्ट होती है ना? फिर? ज्यादा इंजिनियर मत बन."

"जी उस्ताद."

बाकीची पोरं हसली. मीही हसलो.

आठ दिवसांनी पूर आला. आम्ही पुढे निघालो आणि मागे रस्ता वाहून गेला. जनरेटरची गाडी पलीकडेच अडकली. दोन रात्री आम्ही एका शाळेच्या गच्चीवर काढल्या. चार्जर नाही. दिवसभर छतांना बोट लावायची, माणसं चढताना पंख्यात पाय जाऊ नये म्हणून इंजिन बंद करायचं, परत बटण. असं किती वेळा केलं, मोजलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी मुरुगनने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी बोललो, "कल गाड़ी आ जाएगी."

तिसरा दिवस, सकाळी दहा चाळीस. माणसं कमी, म्हणून एका बोटीत एकच ऑपरेटर. वायरलेस सेट वाजला, मुरुगनचा आवाज.

"टायगर वन, टायगर टू. सात सिविलियन बैठाया. सेल्फ नहीं उठाता. बोट बह रहा है. ओवर."

"टायगर वन. रस्सी लगा. मैं आ रहा हूँ. ओवर."

"रस्सी लगाता. आउट."

मला पोचायला अकरा मिनिटं लागली. बोट बाभळींत अडकलेली. सातही जण आत, जिवंत. इंजिनाचं कव्हर उघडं, हाताने ओढून चालू करायला चक्रावर दोर गुंडाळलेला. लाइफ जॅकेट बोटीच्या तळाशी पडलेलं. त्यातली एक म्हातारी बोलली, जॅकेटमुळे दोर ओढता येईना म्हणून त्याने ते काढलं. उभा राहून ओढत होता, तेवढ्यात बोट विजेच्या खांबाला धडकली आणि तो पाण्यात पडला. तो दुसऱ्या दिवशी सापडला, खाली, पुलाजवळ.

त्या संध्याकाळी मी इंजिन उघडलं. रेक्टिफायर जळून काळा पडलेला. स्पेअर माझ्या पेटीत होता, सीलबंद.

इन्क्वायरीत मेजर साहेबांनी विचारलं, "बैटरी चेक करते थे?"

"यस सर. रोज. चार्जर था तब तक, बारा पॉइंट सहा."

रजिस्टर समोर ठेवलं. एकही शब्द खोटा नव्हता. मुरुगन काय बोलला होता, ते कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. जे हसले होते, तेही गप्प बसले. अचानक बिघाड, असं लिहिलं गेलं. मी पेन्शन घेऊन इंदूरला आलो. त्याच्या घरी पत्र लिहायला कितीदा बसलो, दरवेळी कागद फाडला. भित्रा होतो, दुसरं काय!

गेल्या महिन्यात इंदूरजवळ राऊकडच्या एका तलावावरून इंजिन बघायला बोलावणं आलं. तिथे गणपती विसर्जनाला बचाव-बोट ठेवतात. बोट बघणारे दुबेजी, बिजली खात्यातून रिटायर झालेले. इंजिन जुनंच. मी विचारलं, बॅटरीचं काय करता?

दुबेजी खूश होऊन बोलले, "अरे भिया, अपन तो रोज शाम को चार्जिंग पे लगा देते हैं. आज तक धोखा नहीं दिया!"

मी पिशवीतून मीटर काढला. 

मग मी इंजिन चालू करायला लावलं आणि मीटर लावला. बारा पॉइंट चार. रेस दिली, तरी आकडा हलेना. कव्हर उघडलं. रेक्टिफायर गेलेला. नवा आणून बसवला, परत मीटर लावला. चौदा पॉइंट एक. दुबेजींच्या वहीत मी एक नवा रकाना आखला: इंजिन चालू असताना.

"ये तो किसी ने बताया ही नहीं," दुबेजी बोलले. "आपको किसने सिखाया?"

"लान्स नायक मुरुगन. छब्बीस साल का था. उसने मुझे बताया था, दुबेजी. मैंने सुना नहीं. इसलिए वो मरा."

हे मी पहिल्यांदा तोंडाने बोललो.  दुबेजींनी वही पुढे केली, सहीसाठी. नव्या रकान्यात मी चौदा पॉइंट एक लिहिलं. "तपासणारा" या शब्दापुढे माझं नाव लिहवेना. मुरुगनचं लिहिलं.