वसूल होईपर्यंत खा

महाळुंग्याला आमच्या कंपनीत कुणालाही काही विकत घ्यायचं असलं, तर आधी ज्योतीरामभाऊंना विचारायची पद्धत आहे. मिक्सर असो, पोरीचा क्लास असो, नाहीतर लग्नाचा हॉल. भाऊ वेल्डिंगला आहेत. ते हातमोजे काढतात, समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि निकाल देतात: ‘वसूल हाय’ किंवा ‘वसूल नाही’. तिसरा निकाल नाही, आणि पुन्हा विचारलेलंही त्यांना चालत नाही. आमच्याबरोबरच्या शेखरने हॉलबद्दल दोनदा विचारलं, तर म्हणाले, “मग लग्नच करू नको.”

भाऊ मूळचे औशाकडचे. आयटीआय करून इकडे आले, भाड्याच्या खोल्या बदलत बदलत आता खराबवाडीत स्वतःच्या दोन खोल्या केल्यात. पण त्यांची खरी ओळख म्हणजे कँटीन कमिटी. कामगारांनी निवडून दिलेली माणसं रोज पंगत बसायच्या आधी जेवण चाखतात, त्यात भाऊ सगळ्यात जुने. पातेल्यावरचं झाकण उचलून नुसत्या वासावर सांगतात, “ही कालची आमटी आज पुन्हा भेटायला आली.” कँटीनचा ठेकेदार त्यांना लांबून बघितलं तरी खिशातला रुमाल काढतो.

मीही त्या कमिटीत आहे. मला का निवडलं ते माहीत नाही. मी करमाळ्याच्या शाळेत खिचडी खाऊन मोठा झालो, आणि तिथे चवीपेक्षा रांगेत नंबर लागणं महत्त्वाचं होतं. मला सगळंच आवडतं. अशा माणसाचा कमिटीला काय उपयोग, हे भाऊ मला अधूनमधून विचारतात.

यंदा आमचा फॅमिली डे घाटाखालच्या एका थीम पार्कमध्ये ठरला. प्रवेशाचं कंपनी बघणार होती, जेवणाचं प्रत्येक शॉपने, म्हणजे खात्याने, आपापल्या वर्गणीतून ठरवायचं होतं. एक तर तळेगावच्या केटररची पाकिटं न्यायची, नाहीतर पार्कला लागून जे मोठं हॉटेल आहे त्याच्या रेस्टॉरंटात बुफे जेवायचा. बुफेचा माणशी दर ऐकून शेखर म्हणाला, “एवढ्यात आमच्याकडं बारसं होतं, आणि वर घुगऱ्या उरतात.” बायकांचा ओढा हॉटेलकडे होता, नवऱ्यांचा पाकिटांकडे. शेवटी ठरलं की भाऊंनी आधी जाऊन चाखून यावं. ते म्हणतील ते सगळ्यांना मान्य. कमिटीचा दुसरा माणूस म्हणून सोबत मी.

भाऊंनी हे फारच मनावर घेतलं. म्हणाले, स्वप्नालीवहिनींना आणि लेकीला, ओवीलाही नेतो, त्यांचं मी भरतो. बाईमाणसाचं आणि लेकराचं पोट तिथं कसं वसूल होतं ते पण कळाय पाहिजे. आदल्या रात्री मला फोन आला.

“सुजित, उद्या सकाळपासून काही खायचं नाही.”

“चहा?”

“चहा चालंल. बिस्किट नाही.”

सकाळी त्यांच्या जुन्या गाडीत बसलो तर वहिनींच्या मांडीवर स्टीलचा डबा. आत सुशीला होता. चुरमुरे भिजवून, पिळून, फोडणीला टाकतात, तो त्यांच्या गावाकडचा नाश्ता.

“ओवीपुरता केलाय,” वहिनी म्हणाल्या. “लेकराला कशाला उपाशी ठेवता?”

“सुशीला खाऊन पोट भरलं तर तिथं जाऊन काय खायचं? वारं?” भाऊंनी डबा घेतला आणि मागे डिकीत ठेवला. एक्सप्रेस वेभर गाडीत कढीपत्त्याचा वास येत होता आणि आम्ही चौघंही नाकाने खोल श्वास घेत होतो.

ओवी तिसरीत आहे. तिला जेवणाशी काही घेणंदेणं नव्हतं, तिचा जीव जहाजात अडकला होता. एका मोठ्या जहाजाला हिंदोळे देतात, ते. त्याच्या दाराशी लाकडी विदूषक एक हात आडवा धरून उभा असतो. ज्याचं डोकं त्या हाताला लागेल त्यालाच आत सोडतात. गेल्या वर्षी शाळेच्या सहलीत ह्याच विदूषकाने तिला परत पाठवलं होतं आणि ती बसमध्ये घरापर्यंत रडली होती. ह्या खेपेला ती मान ताणून, श्वास रोखून त्याच्यापुढे उभी राहिली. डोकं हाताला लागलं. तिथल्या माणसाने तिच्या मनगटाला हिरवा पट्टा बांधला.

“पप्पा, मी पास!”

“शाब्बास! कुणाची पोरगी हाय!” भाऊ रांगेतल्या अनोळखी लोकांकडे बघत म्हणाले.

ती तीन वेळा बसली, आणि तिच्याबरोबर मलाही बसावं लागलं. रिकाम्या पोटी जहाज काय असतं ते मला दुसऱ्या फेरीतच कळलं. उतरल्यावर तिचा चेहरा जरा पांढरा दिसला. मी विचारलं, “काही खातेस का गं?” तर म्हणाली, “पप्पा म्हणालेत, नंतर.”

हॉटेलात गेलो. रेस्टॉरंटच्या दाराशी एका टेबलामागे मुलगी उभी होती, छातीवर प्राजक्ता नावाची पट्टी. आणि तिच्या शेजारी भिंतीवर तोच विदूषक रंगवलेला, तसाच हात आडवा धरून. खाली लिहिलं होतं: हाताखालच्या मुलांना निम्मा दर.

आमच्या भागात एसटीत कंडक्टर जवळ आला की घरोघरची पोरं आपोआप लहान होतात. त्यात कुणाला पाप वाटत नाही, ते प्रवासाचंच एक अंग आहे. भाऊ ओवीच्या कानाशी वाकले.

“ओवे, जरा गुडघे वाकव.”

“कामून?”

“वाकव म्हणलं की.”

तिने वाकवले. वर्गात शिक्षा म्हणून खुर्ची करायला लावतात, तशी ती उभी राहिली. डोकं बरोबर हाताच्या खाली आलं. प्राजक्ताने विदूषकाकडे बघितलंच नाही, तिने पोरीचं मनगट बघितलं.

“अरे वा! मोठ्या जहाजात बसलीस का तू?”

ओवी ताडकन सरळ झाली. “तीनदा!”

आमच्या मागे हिंजवडीच्या वळणाचं एक कुटुंब उभं होतं. त्यांच्या मुलाने विचारलं, “मम्मा, ती आधी वाकली का होती?” आणि मम्माने त्याला श्श केलं. वहिनी वर झुंबर बघायला लागल्या. झुंबरात बघण्यासारखं काही नव्हतं.

प्राजक्ता रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसून म्हणाली, “मग चार फुल ना, सर?”

“फुलच,” भाऊ म्हणाले. “मी फुलच म्हणत होतो.” त्यांचे कान शॉपमधल्या तापलेल्या पत्र्यासारखे झाले होते.

माणसाची लाज निघून जायला वाट लागते. भाऊंची वाट बुफेकडे गेली. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी नियम सांगितला: भात, पोळी, पापड ह्यांना हात लावायचा नाही, ते आपल्या घरी असतं. मग ते ओळीने एकेक झाकण उचलत, नाक खुपसत निघाले. उंच पांढरी टोपी घातलेल्या आचाऱ्याला त्यांनी सवयीने विचारलं, “तेल कधी बदललं?” आचारी त्यांना साहेब म्हणाला आणि झाकण हळूच त्यांच्या हातून काढून घेतलं.

ओवीने फक्त दहीभात मागितला.

“दहीभात? एवढ्या लांब येऊन?” भाऊंनी तिच्यापुढे मटण ठेवलं, पनीर ठेवलं, तळलेली कोळंबी ठेवली, तीन तऱ्हेचे केक ठेवले. “खाय. वसूल होईपर्यंत खा.”

ती गुणी पोरगी. एकेक घास घेत गेली. मधेच मान वर करून विचारायची, “झालं का पप्पा वसूल?”

“आजून कुठं?”

“अहो, बास करा,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. “तिचं तोंड बघा की.”

“तू गप. फुल तिकीट हाय तिचं.”

मी ताटावर वाकलो. माझ्यापुढे जिलेबी होती.

ओवीने एकदम तोंडावर हात धरला, तोच हिरव्या पट्ट्याचा. हात पुरला नाही. पांढऱ्या टेबलक्लॉथवर, भाऊंच्या बाहीवर, खाली गालिच्यावर, सगळीकडे झालं. आजूबाजूच्या टेबलांवरचे चमचे थांबले. विदूषकापाशी दिसलेलं ते कुटुंब शेजारीच बसलं होतं, त्यांनी आपल्या खुर्च्या जराशा सरकवल्या. सरकवताना आवाज होऊ नये ह्याची त्यांनी काळजी घेतली, ती काळजी सगळ्यांना दिसली.

वहिनींनी पोरीला उचलून बेसिनकडे नेलं. भाऊ खिशातला रुमाल काढून गालिच्यावर गुडघे टेकून पुसायला लागले. पुसत होते ते पसरत होतं. साफसफाईच्या एक वयस्कर बाई बादली घेऊन आल्या.

“उठा हो दादा, माझं काम आहे ते. तुम्ही लेकराकडं जा.” मग बादलीत फडकं बुडवत त्यांनी सहज विचारलं, “उपाशी होतं का लेकरू?”

कामगाराच्या पोटात नीट अन्न जातं की नाही, हे इतकी वर्षं ठेकेदाराला विचारणारा माणूस गालिच्यावर गुडघे टेकून बसला होता, आणि त्याने तो ओला रुमाल तसाच खिशात कोंबला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बादली जरा त्यांच्याकडे सरकवली.

पार्किंगमध्ये वहिनींनी डिकी स्वतः उघडली आणि डबा काढला. मागच्या सीटवर ओवी आईला टेकून गार सुशीला एकेक चिमूट खात होती. भाऊंनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

“पप्पा, सॉरी.”

“आसू दे.”

“पण माझं सगळं बाहेर आलं ना. मग ते वसूलमध्ये धरत नसतील.”

भाऊंचा हात किल्लीवरच राहिला. मी पुढे शेजारी बसलो होतो. मी खिडकीच्या काचेवरचा एक डाग बघत राहिलो, जणू त्याचा मला रिपोर्ट द्यायचा होता. शेवटी वहिनी म्हणाल्या, “बोला की. विचारायली ती.”

“धरतेत गं माय,” भाऊ समोर बघून म्हणाले. “सगळं धरतेत.”

घाट चढून तळेगाव आलं तोवर ओवी झोपली होती. मध्ये एकदा भाऊंनी आरसा खाली केला, तो रस्ता बघायला नव्हता.

सोमवारी चहाच्या सुट्टीत अख्खं शॉप गोळा झालं.

“भाऊ, निकाल?” शेखरने विचारलं.

भाऊंनी हातमोजे काढले. “मला नाही सांगता येत.”

लोक हसले. त्यांना वाटलं, भाऊ भाव खातायत.

“मटण कसं होतं ते तरी सांगा.”

“आठवत नाही.”

“पनीर?”

“सुजितला विचारा.”

मी म्हणालो, सगळं चांगलं होतं. कुणीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही. मी कँटीनच्या दुधीलाही चांगलं म्हणतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

“काय भाऊ,” शेखर म्हणाला, “हॉटेलवाल्यानं पाकीट तर नाही ना सरकवलं? तोंड उघडेना म्हणून विचारतो.”

मोठा हशा झाला. भाऊंनी तो पूर्ण होऊ दिला. त्यांना ‘वसूल नाही’ म्हणून मोकळं होता आलं असतं. कुणी कारण विचारलं नसतं, चाळीस घरांची वर्गणी वाचली असती आणि शॉपने त्यांची पाठ थोपटली असती.

“पाकीट नाही,” ते म्हणाले. “पोरगीला सकाळपासून उपाशी ठेवलो मी. पैसे वसूल व्हावेत म्हणून. मग बळंच खाऊ घातलो. तिथं सगळ्यांसमोर वांती झाली लेकराला. मी काय खाल्लो ते मला ठाऊक नाही. कशाची चव सांगू?”

ते हातमोजे पुन्हा घालायला लागले. एक बोट जागेवर बसेना. गुडघे वाकवायला लावल्याचं त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही तिथे सांगितलं नाही. इथे सांगतोय ते वहिनींना विचारून.

शेखरचा चहा तसाच राहिला. तो म्हणाला, “मग... पाकिटं सांगू का तळेगावला?”

“तुमचं तुम्ही ठरवा. मला विचारू नका.”

हात वर करून मतं घेतली. हॉटेल निवडून आलं, कारण बहुतेकांना घरून तशी ताकीद होती.

फॅमिली डेच्या सकाळी कंपनीच्या गेटवर बस उभी होती आणि तिच्या दाराशी भाऊ. शेजारी स्टुलावर वहिनींनी केलेला सुशीला, पातेलंभर. प्रत्येक पोराच्या हातात कागदी द्रोण दिल्याशिवाय ते कुणाला चढू देत नव्हते.

“आधी हे. मग जहाज.”

“आता पोटं इथंच भरल्यावर बुफे कसा वसूल व्हायचा, भाऊ?” शेखरने हटकलं. त्याला वाटलं, आता हे हसतील. भाऊंनी त्याच्याही हातात द्रोण दिला आणि वर आणखी एक पळी घातली.

दुपारी रेस्टॉरंटच्या दाराशी तीच प्राजक्ता होती. कुपनं शॉपने वर्गणीतून आधीच काढली होती, कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. तरी ओवीचा नंबर आला तसे भाऊ गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाले, “ही फुल हाय.”

“माहितीये, सर,” प्राजक्ता म्हणाली.

भाऊंनी मान खाली घातली आणि आत गेले.

ओवीने दहीभात घेतला, एक पापड घेतला. निम्मा भात खाल्ला आणि खुर्चीवरून उतरली. “मी जाऊ जहाजाला?” भाऊंच्या तोंडातून काहीतरी निघणार होतं, माझ्यासमोर ते ओठांपर्यंत आलं. मग ते म्हणाले, “जाय.”

ती पळाली. तिचं ताट तसंच राहिलं होतं. भाऊंनी इकडे तिकडे बघितलं, ते आपल्यापुढे ओढलं आणि तिचा उरलेला भात खायला लागले. सावकाश, एकेक घास.

“कसाय भाऊ?” मी विचारलं.

त्यांनी बराच वेळ चावलं.

“मीठ कमी हाय,” ते म्हणाले, आणि मान वर न करता ताट संपवलं.