संघातली महामायाची जागा

महामायाची उंची सहा फूट एक इंच. नांदेडात ती ऑटोकडे आली की ऑटोवाला आधी टपाकडे बघायचा. "ताई, डोकं सांभाळा," म्हणायचा आणि ती "तू ऑटो सांभाळ" म्हणत गुडघे दुमडून आत बसायची. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात आम्ही बारा जणी होतो, पण संघ म्हणजे ती एकटी. बाकीच्या आम्ही तिला चेंडू नेऊन देणाऱ्या, आणि त्यातही मी बाकावर बसणारी. तीन वर्षांत माझे बूट झिजले नाहीत.

तिचे वडील भीमाकाका रेल्वेत रुळांवर काम करायचे. "एवढ्या उंच पोरीला नवरा कुठून आणायचा?" असं कुणी हिणवलं की काका म्हणायचे, "नवऱ्यासाठी न्हाई वाढवली, नोकरीसाठी वाढवली." त्या घरात सगळ्यांनी डोळे लावले होते ते एकाच गोष्टीकडे. खेळाडूंसाठी राखीव असलेल्या जागांवर महामायाला सरकारी नोकरी लागावी. त्याला राष्ट्रीय स्पर्धेचं पदक लागतं, आणि शेवटच्या वर्षी तिची राज्याच्या संघात निवडही झाली. मराठवाड्यातून एक राखीव मुलगी घ्यायची ठरलं, म्हणून कागदोपत्री माझं नाव लागलं. कुणी गळालं तरच माझा नंबर.

स्पर्धेला वीस दिवस उरले असताना मालदीवच्या एका क्लबचा फोन आला. तिच्या खेळाचे व्हिडिओ त्यांनी पाहिले होते. सीझन लगेच सुरू होणार होता. म्हणजे पदक तरी, नाहीतर मालदीव तरी.

ती हो म्हणायच्या आधीच चौकात फ्लेक्स लागला. आमच्याकडे माणूस जाण्याआधीच त्याचा सत्कार करतात. नगरसेवकाची शाल, कॉलेजचा हार, गल्लीतल्या मंडळाचा फेटा, सगळं तीन दिवसांत उरकलं. सत्कार घेऊन घरी बसायचं कोणत्या तोंडाने? आमचे क्रीडाशिक्षक रेवणप्पा सर तर भाषणात रडले. "फॉरेन" हा शब्द ऐकला की आमच्या लोकांची अक्कल कुठं चरायला जाते कुणास ठाऊक. मला आजही त्या सगळ्यांचा संताप येतो, पण तो संताप मला शोभत नाही.

कारण त्याच आठवड्यात मी घरी रेणापूरला गेले होते. माझे वडील तहसील कार्यालयात अव्वल कारकून. जेवताना ते सहज म्हणाले, "त्या पोरीला सांग, बाहेरच्या क्लबात खेळल्याचा कागद इथं नोकरीला चालत न्हाई. पदकाचाच चालतो." मग भाकरी मोडता मोडता थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं. 

मी नांदेडला परतले. महामाया रिंगखाली बसली होती. "पुनम, काय करू गं? आधी पदक घेऊ का? पुढल्या वर्षी बोलावतील का ते?"

मी म्हणाले, "जा. असं बोलावणं दोनदा येत न्हाई."

तिला सगळेच तसं सांगत होते. सर मायेनं सांगत होते, गल्ली मिरवायला सांगत होती. कागदाचं ठाऊक असून सांगणारी मी एकटीच.

ती गेली आणि तिच्या जागी मी गेले. आमच्या संघाला कांस्य मिळालं. सबंध स्पर्धेत मी चार मिनिटं मैदानात होते.

महामाया तिकडे दोन सीझन गाजवून खेळली. फोनवर म्हणायची, "इथं लोक माझी उंची न्हाई बघत, खेळ बघतात." तिसऱ्या सीझनला गुडघा गेला. क्लबनं करार संपवला आणि परतीचं तिकीट हातात ठेवलं. ती जाडजूड फाईल घेऊन नोकरीसाठी खेळाच्या प्रमाणपत्राच्या पडताळणीला गेली. तिथल्या बाबूनं एकेक कागद आदबीनं उलटला. "ताई, लई चांगलं खेळलात. पण हे आमच्या यादीत न्हाई." त्याच वर्षी मी पदकाच्या जोरावर लातूरला महसूल खात्यात कारकून झाले.

आता तीही लातुरातच असते. क्लासला आलेल्या मुलींच्या एका वसतिगृहात ती रेक्टर आहे. संध्याकाळी मुली मोजते, त्यांचे मोबाइल जमा करून घेते. पोरी माघारी तिला खांब म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या खात्याच्या क्रीडास्पर्धा होत्या. मी राष्ट्रीय खेळाडू, म्हणून साहेबांनी बायकांच्या बास्केटबॉल संघाची कॅप्टन मला केलं. चारचौघांत फजिती होईल या भीतीनं मी महामायाला शिकवायला बोलावलं. लाज नावाची वस्तू माझ्यापाशी उरली नसावी. ती आली, लंगडत का होईना, रोज आली.

तिसऱ्या दिवशी बाकीच्या चहाला गेल्या. गुडघ्याचा पट्टा आवळत ती म्हणाली, "एक विचारू? मी जाताना तुला ठाऊक होतं का गं, तो कागद इथं चालत न्हाई ते?"

खरं सांगायला याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती.

"न्हाई गं," मी म्हणाले. "मला कुठलं ठाऊक?"

तिचा चेहरा एकदम सैल झाला. "तेच म्हणलं मी. आमचे पप्पा एकच धरून बसले. म्हणे पुनमचा बाप तहसीलात, तिला ठाऊक असणारच, तिनंच तुला घालवलं. लई भांडले मी त्यांच्याशी. आठ महिने झाले, घरी गेले न्हाई. फोन आला तरी उचलत न्हाई." ती माझ्या खांद्यावर हात टेकून उठली. "आज फोन करते आणि सांगते त्यांना, पुनमची माफी मागा म्हणून."

रात्री भीमाकाकांचा फोन आला. मी तो वाजू दिला.