आईचं बोट

आई ठाण्याच्या बाजारात मासे विकायची. खाडीकाठचं आमचं कोळ्यांचं घर. हाताला काटा लागल्याचं कुणाला काही वाटायचं नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला, टोकाजवळ, गाठ आली तेव्हा ती म्हणाली, "काटा रेलाय बोटान. निंगल." गाठ दुखत नव्हती, नुसती वाढत होती. गल्लीतल्या डॉक्टरांनी चिरून पाहिली. ना पू, ना काटा. काही महिन्यांत गाठ त्याच जागी परत वाढली.

मी तेव्हा डोंबिवलीला रंगाच्या कारखान्यात होतो. रजा काढून तिला मोठ्या इस्पितळात नेलं. सर्जननी गाठ काढून तपासायला पाठवली. रिपोर्टला वेळ लागला, कारण त्यांनी तो मुंबईच्या दुसऱ्या तज्ज्ञांकडूनही तपासून घेतला. मग आम्हाला समोर बसवून सांगितलं, की हा घामाच्या ग्रंथीचा कॅन्सर आहे.

"घामाचा पन कॅन्सर व्हतो?" आईने विचारलं.

"क्वचित होतो. मीही पहिल्यांदाच बघतोय. औषधांचा फारसा उपयोग नाही. बोट मधल्या सांध्यापासून काढलं, तर तिथे परत यायची शक्यता कमी. पुढे छातीवर लक्ष ठेवावं लागेल."

मी हो म्हणणार होतो. आई म्हणाली, "थोडे दिस थांबा."

दुसऱ्या दिवशी तिने ते बोट दुमडून चिंधीने बांधलं आणि बाजारात बसली. बोंबील हातातून निसटत होते. पापलेट साफ करायला नेहमीपेक्षा कितीतरी वेळ लागत होता. काही दिवसांनी कोयता नीट चालायला लागला, तेव्हा ती मला म्हणाली, "चल, कापून टाकू."

जखम भरल्यावर ती परत बाजारात बसली. बोटाचं थोटूक बघून नवीन गिऱ्हाइकं विचारायची, "कोयता लागला का?" ती हो म्हणायची.

दरवर्षी छातीचा एक्स-रे काढायचो. बरीच वर्षं तो स्वच्छ आला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर फुप्फुसात ठिपके दिसले. तेच दुखणं, हळू वाढणारं, पण आता काढता न येण्याजोगं.

"दुखल का?" तिने विचारलं.

"शेवटी दम लागेल," डॉक्टर म्हणाले.

त्यानंतरही ती बराच काळ टोपली घेऊन जात राहिली. दम लागायला लागला तसा आधी बाजार सुटला, मग अंगण. ती गेली त्या सकाळी माझी बहीण तिला पेज भरवत होती.