उपरण्याचं टोक

आमच्या घरात माझी एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिचा शेवट मात्र मी आजवर कुणालाही सांगितलेला नाही — बायकोला नाही, भावाला नाही, देवालाही नाही. देवाला ठाऊक असेल म्हणा. पण मी होऊन सांगितलेला नाही.

गोष्ट धोतराची आहे. गाठीच्या तापाच्या, म्हणजे प्लेगच्या, साली कल्याण स्टेशनात उतारूंची तपासणी चाले. त्या तपासणीत, भर फलाटावर, माझं धोतर सुटलं — ती गोष्ट. लग्नकार्यात पंगती उठल्या, विड्याचं तबक फिरलं, की एखादा भाचा म्हणतोच, "नाना, धोतराची सांगा!" मग नाना उठतात. गोरा डॉक्टर कसा उभा होता ते दाखवतात, शिपायाच्या मिशा दाखवतात, निऱ्या धरून स्वतः कसे गोल फिरले तेही दाखवतात — ह्या वयात, ह्या पोटासकट. पोरं हसून लोळतात. मी गोष्ट तिथे संपवतो. नेहमी तिथेच. वीस-बावीस वर्षांत निऱ्या खोचण्याच्या पुढे मी एकदाही गेलेलो नाही. आणि "मग पुढे?" असं कुणी विचारलंही नाही. हसणाऱ्या माणसाला पुढचं नको असतं. हे मला फार लवकर कळलं, आणि त्याचा मी भरपूर फायदा घेतला.

तर पुढचं सांगायचं. पण आधी शाळेचं सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही. टाळतोय, असं म्हणाल? टाळतोच आहे. पण शाळेचंही सांगायला हवंच.

मी तेव्हा तिशीचा. ठाण्याच्या इंग्रजी शाळेत पहिल्या इयत्तेचा मास्तर, राहायला कल्याणला. मराठी शाळा संपवून इंग्रजीला जाणारी कल्याणची पोरं सकाळच्या गाडीने माझ्याबरोबर येत आणि संध्याकाळी माझ्याबरोबर परत जात. आईबापांनी ती माझ्या हवाली केलेली असत. दहा-अकरा वर्षांची पोरं ती. गावच्या शाळेत सगळ्यांत थोरली, सगळ्यांवर दादागिरी करणारी. इथे आली की एकदम सगळ्यांत लहान. जमिनीवर मांडी घालून शिकलेली, इथे बाकावर बसायचं. पाय लोंबकळायचे. तासातासाला घंटा, घंटेगणिक नवा मास्तर, मास्तरागणिक नवा राग. एकजण तर तीन दिवस लघवीलाच गेला नाही — बाहेर जाऊ का, हे इंग्रजीत कसं विचारायचं ते माहीत नव्हतं म्हणून. चौथ्या दिवशी बाकावरच... असो. तीही गोष्ट आमच्या घरात पाठ आहे.

ही पोरं रुळावीत म्हणून मी दोन युक्त्या काढल्या होत्या. आता हसाल, पण मला त्यांचा फार अभिमान होता. पहिली अशी, की ठाणे स्टेशनापासून शाळेच्या दारापर्यंत ज्याला भीती वाटेल त्याने माझ्या उपरण्याचं टोक धरायचं. उपरण्याला टोकं दोन, त्या वर्षी पोरं चार. एकेका टोकाला दोन-दोन लोंबलेली. तळ्याच्या काठाने आमची ही दिंडी निघाली की दुकानदार म्हणत, "निघाले मास्तर, वासरं घेऊन!" भीती गेली की ज्याचं त्याने टोक सोडायचं. मी सांगायचं नाही, त्याने विचारायचं नाही. दसऱ्यापर्यंत दोघांनी सोडलं, दिवाळीनंतर तिसऱ्याने.

दुसरी युक्ती वर्गातली. नव्या पोराला एकट्याने इंग्रजी बोलायचं म्हटलं की चुकण्याची भीती वाटते. म्हणून मी सांगत असे, "माझ्या तोंडाकडे बघा. मी म्हणेन तसंच म्हणायचं. चुकलं तर चूक माझी." मग त्यांना जोर येई.

चौथा पोरगा विसू. मामलेदार कचेरीतल्या गोविंदराव कारकुनांचा धाकटा. कान मोठे, अंगाने काडी, बोलायला अगदी हळू. दिवाळी गेली, थंडी पडली, तरी ह्याने टोक काही सोडलं नाही. बाकीची चिडवत, "मास्तरांचं शेपूट!" तो लाल व्हायचा, पण मूठ तशीच. खरं सांगू? मला ते आवडत असे. कुणीतरी आपल्याला इतकं घट्ट धरावं, असं कुणाला नको असतं?

त्याच थंडीत मुंबईहून गाठीचा ताप सरकत इकडे आला. भीती काय असते ते तुम्हांला कसं सांगू? उंदीर मेला की बिऱ्हाडं उठत. सकाळी बोललेला माणूस संध्याकाळी गेल्याचं ऐकू येई. आमच्या शाळेचा घंटा देणारा शिपाई सोमवारी होता, गुरुवारी नव्हता. आणि तापाहून मोठी भीती छावणीची. मुंबईकडून येणारी प्रत्येक गाडी कल्याणला थांबवायची, उतारूंना दोरीलगत उभं करायचं, डोळे, जीभ, काखा, जांघा बघायच्या. गाठ सापडली की छावणीत. नुसता गाठवाला नाही — त्याच्याबरोबरचेही. आणि छावणीत गेलेलं माणूस परत येत नाही, असं सगळे म्हणत. येत असत, काहीजण. पण तेव्हा कोण मोजायला बसलंय?

आम्ही रोजचे उतारू. ओळखीचा हवालदार जीभ बघून सोडून द्यायचा.

त्या आठवड्यात विसूच्या तळपायात पत्रा घुसला होता. जखम चिघळली. मीच सकाळी गाडीत त्याला हळद भरून चिंधी बांधली. तेव्हा तो हळूच म्हणाला, "मास्तर, इथे जांघेत पण दुखतंय. गोळा आलाय."

मी चाचपून पाहिलं. मी! आणि हसून म्हणालो, "अरे, अवधाण आहे हे. पायाला जखम झाली की येतंच. जखम सुकली की जाईल."

हे लक्षात ठेवा. मला माहीत होतं. कुठल्याही घरातल्या बाईमाणसाला माहीत असतं, तसं मला माहीत होतं. आणि तोंडाने मी ते बोललोही होतो.

संध्याकाळी उतरलो तर फलाटावर सगळं नवीन. नवा गोरा डॉक्टर, नवे शिपाई, ओळखीचा हवालदार कुठे दिसेना. तिघं पोरं चपळ, आधी तपासून घेऊन बाहेर पळालीसुद्धा. विसू लंगडत होता म्हणून मागे राहिला, माझ्या पाठीशी. टोक धरून.

माझी पाळी आली. डॉक्टरने सदरा वर करायला सांगितला, मी घाबरून नको ती गाठ सोडली, आणि धोतर — ते तुम्हांला माहीत आहेच. फलाट हसला, शिपाई हसला, गोरा डॉक्टरसुद्धा हसला. मी गोल फिरलो, निऱ्या खोचल्या. इथे माझी गोष्ट संपते.

इथे ती संपत नाही.

डॉक्टरच्या हाताखालचा मदतनीस आपलाच मराठी माणूस होता. त्याने हसत हसतच विसूला पुढे घेतलं. काखा पाहिल्या. जांघेत हात घातला. विसू कळवळला. मदतनिसाचा हात तिथेच थांबला.

"साहेब, गाठ," तो म्हणाला.

हसू कसं थांबतं ते मी त्या दिवशी पाहिलं. दोरीलगतचे लोक मागे सरकले. आमच्या भोवती मोकळी जागा झाली. मी, विसू आणि आमच्या मधलं ते हातभर उपरणं. मदतनिसाची नजर त्या उपरण्यावरून माझ्यापर्यंत आली.

"पोरगा तुमचा?"

"नाही."

इथवर ते खरंच होतं, नाही का? मी मनात तेव्हाही हेच म्हटलं.

"तुमच्याबरोबर आहे?"

एक वाक्य पुरे होतं. पायाची चिंधी सोडून दाखवायची आणि म्हणायचं, हे अवधाण आहे हो. ऐकलं असतं, नसतं — नसतं ऐकलं तर त्याच्याबरोबर जायचं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण मला एकदम वाटलं, आणि अवधाण नसेल तर? शाळेचा शिपाई मेला तेव्हा त्यालाही आधी ताप आहे असं कुठे वाटलं होतं? पोराचा हात गरम होता. सकाळी मी तो गोळा बोटांनी चाचपला होता — ह्याच बोटांनी. बायकोपोरांचा विचार मनात आला, असं म्हणता येईल. तो आला नाही. फक्त माझाच आला.

मी उपरणं ओढून घेतलं. हळूच नाही. त्याची मूठ घट्ट होती, हिसका द्यावा लागला.

"मी नाही ओळखत," मी म्हणालो. "गर्दीत धरलं असेल त्याने."

मदतनीस विसूकडे वाकला. "काय रे, कोण आहे तुझ्याबरोबर?"

विसूने माझ्या तोंडाकडे पाहिलं. रडत नव्हता. वर्गात बघायचा तसंच बघत होता, मी काय म्हणतो त्याची वाट बघत. मग म्हणाला,

"कुणी नाही."

मी म्हणेन तसंच म्हणायचं. मीच शिकवलं होतं ना?

मी फाटकाबाहेर आलो. मागे पाहिलं नाही. बाहेर तिघं पोरं विचारत होती, "मास्तर, विसू कुठाय?" त्यांना घरी पोचवलं. मग गोविंदरावांकडे गेलो आणि सांगितलं, "गर्दीत सुटला हो माझ्यापासून. बाहेर येऊन बघतो तर त्याला नेलेलं." गोविंदराव अनवाणीच धावले. विसूची आई मला म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार मास्तर? बसा, पाणी घ्या." मी बसलो. पाणीही प्यालो.

घरी जाताना खाडीवर वळलो आणि उपरणं पाण्यात सोडलं. पोराने धरलेलं होतं ना, विटाळ नको! बायकोला सांगितलं, गाडीत राहिलं. म्हणजे बघा, अवधाणच आहे हे ठाऊक असलेला मी, आणि त्याचं बोट लागलेल्या कापडालाही भिणारा मीच.

दहा दिवस विसू छावणीत होता. गोविंदराव रोज बांबूच्या कुडापाशी जाऊन उभे राहत. आत सोडत नसत. तिथे त्याने काय पाहिलं, रात्री कुणाच्या शेजारी काढल्या, ते मला माहीत नाही. त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. अकराव्या दिवशी तो चालत घरी आला. पाय बरा झाला होता, गोळा जिरला होता. त्याच्या आईने पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

त्यानंतर विसूने टोक धरलं नाही. गाडीतून उतरला की सरळ पुढे चालू लागे. वर्गातही माझ्या तोंडाकडे न बघता उत्तरं देई, आणि बरोबर देई. पंधरा दिवसांत पोरगा पुरता रुळला. गोविंदराव शाळेत येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, पोरगं काय धीट केलंत तुम्ही!" हेडमास्तरांनी मान डोलावली. मीही डोलावली.

धोतराची गोष्ट मी त्याच उन्हाळ्यात एका मुंजीत प्रथम सांगितली. लोकांनी तपासणीचं काही विचारायच्या आधी आपणच हसवलेलं बरं, म्हणून. ती चालली. चालतच राहिली.

ह्या वर्षी विसू बदली होऊन कल्याणला आला. पोस्टात आहे. कानांवरून ओळखला. त्याच्याबरोबर दहा वर्षांचा मुलगा, मधू — पहिल्या इंग्रजीत जाणारा. विसू माझ्या पाया पडला. माझे पाय मागे सरकले, ते त्याने पाहिलं. "सोमवारपासून मधू तुमच्याबरोबर येईल," म्हणाला. मग मुलाला म्हणाला, अगदी हळू, तोच आवाज — "मास्तर शिकवतील ते नीट शिक. वाटेत मात्र आपलं आपण चालायचं. कुणाचं काही धरायचं नाही."

माझ्याकडे न बघता म्हणाला.

सोमवारी गाडीत मधू माझ्यासमोर बसला. पाटीदप्तर दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं, घाबरलेला. डोंबिवली मागे पडली तसा थोडा धीर आला. म्हणाला, "मास्तर, धोतराची गोष्ट तुमचीच ना? बाबा म्हणाले, मास्तरांनाच सांगायला सांग."

मी सांगितली. मिशा दाखवल्या, बसल्या बसल्या निऱ्याही सावरल्या. डब्यातले सगळे हसले. मधूही हसला. मग हसणं थांबवून माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"मग पुढे काय झालं?"

गाडी ठाण्यात शिरत होती. मी म्हणालो, "चला, उतरा." तो उतरला आणि तळ्याच्या काठाने माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिला, दप्तर पोटाशी धरून. माझ्या उपरण्याची दोन्ही टोकं मोकळी होती.

त्याला उत्तर दिलेलं नाही. ते इथे लिहितो.

पुढे हे झालं, मधू: तुझ्या बापाने माझं बोट धरावं तसं माझं उपरणं धरलं होतं. ते मी त्याच्या मुठीतून हिसकून घेतलं, आणि ह्याला ओळखत नाही म्हणालो.