छिद्रांचं वेड

छिद्रं पाहून आमच्या ताईइतका आनंद होणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. ताई म्हणजे नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेतली माझी वरिष्ठ, मूळची देगलूरची. रक्तातली साखर मोजायच्या बाजारातल्या पट्टीत एन्झाइम असतं आणि उन्हात तापलं की ते बिघडतं. ताईला त्याच्या जागी तांब्याचा सच्छिद्र थर बसवायचा होता, स्पंजासारखा. जितकी छिद्रं जास्त, तितकी साखरेला टेकायला जागा जास्त! हे तिच्या डोक्यात इतकं भिनलं होतं, की मेसमधलं धिरडंसुद्धा ती आधी उजेडात धरून पाहायची आणि मग खायची. एका लग्नात तर तिने नवरदेवाच्या मावशींना अनारशाला जाळी कशी पाडली हे इतकं खोदून विचारलं, की मावशी आपल्या मुलासाठी तिला मागणी घालायला निघाल्या.

त्यात दुष्काळ पडला. लातूरला रेल्वेने पाणी यायला लागलं, आमचे नळही कोरडे. तांब्याचा थर चढवलेले इलेक्ट्रोड धुवायला तर शुद्ध पाणी हवं. ताईने विभागप्रमुखांच्या एसीखाली बादली लावली आणि ते पाणी ऊर्ध्वपातित करून थेंबथेंब वापरू लागली. सर एसी बंद करायला उठले की ही दारातून ओरडायची, "राहू द्या सर, माझं पाणी बनून राहिलंय!"

त्याच उन्हाळ्यात गावाकडे तिची आई चक्कर येऊन पडली. पत्र्याच्या घरात तापलेल्या पट्ट्या साखर कमी दाखवत होत्या आणि त्यावर विसंबून माउलीने गोळ्या सोडल्या होत्या. आईला नांदेडच्या दवाखान्यात ठेवून, तपासणीतून उरलेलं तिच्या रक्ताचं सीरम मागून घेऊन ताई थेट प्रयोगशाळेत आली.

"मी पडदा पाहून राहिले रे. तूच टाक."

मी इलेक्ट्रोडवर थेंब टाकला. पडद्यावरची रेघ झपकन वर चढली आणि स्थिरावली. आकडेमोड केली, तर उत्तर दवाखान्याच्या आकड्याला अगदी खेटून!

"जमलं रे! लई जवळ आलं!" ताईच्या आरोळीने खालचा मजला धावत वर आला. तिने तिथूनच फोन लावला. "माय, तुझी साखर मी मोजली!"

"हाव का? मग आता दोन घास खाऊन घे," पलीकडून आई म्हणाली.

ती पट्टी अजून बाजारात आलेली नाही. आईजवळ राहायला हवं म्हणून ताई देगलूरला शिकवायला गेली. परत कधी येणार, असं विचारलं की म्हणते, "पोरींची परीक्षा होऊ दे." परीक्षा दरवर्षी असते. तिच्या टेबलावर आता एक नवी मुलगी बसते. हुशार आहे, पण फार शांत. निकाल चांगला आला की जरा हसते आणि वहीत लिहून ठेवते.